मोठा आकडा बदलण्यापूर्वी

झाशीच्या जुन्या शहराच्या तटाबाहेर, स्टेशनाकडे जाताना, जी वस्ती लागते तिचे नाव सिविल लाइंस. इंग्रजी अंमलात मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी आखलेल्या वस्तीला हे नाव देण्याची तेव्हा देशभर प्रथाच होती. ते अधिकारी गेले, तो अंमलही गेला. नाव मात्र राहिले. राहिले याचे कारण त्या नावावर कोणाची फार भक्ती आहे असे नव्हे. पत्रांवर, खरेदीखतांवर, दवाखान्यांच्या व दुकानांच्या पाट्यांवर एखादे नाव एकदा लिहिले गेले, म्हणजे ते बदलणे कोणा एकाच्या हाती राहत नाही. नाव ठेवणारा एक असतो. पण ते वापरात आले की वापरणाऱ्या सर्वांची त्यात वाटणी होते.

याच वस्तीपासून थोड्या अंतरावर असलेल्या रेल्वे स्टेशनाची गोष्ट याहून वेगळी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये झाशी स्टेशनाला राणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. ज्या राणीमुळे हे गाव इतिहासात अमर झाले तिचे नाव स्टेशनाला असावे, या इच्छेचा उगम सहज समजण्यासारखा आहे. परंतु स्टेशनाचे नाव केवळ फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर नसते. त्याची एक संक्षिप्त खूणही असते, आणि आरक्षणाची यंत्रे, वेळापत्रके, तिकिटे व गाड्यांची वेळ सांगणाऱ्या अनेक सोयी त्या खुणेवर चालतात. झाशीची जुनी खूण ‘जे एच एस’ अशी होती. नव्या नावाबरोबर प्रथम ‘व्ही जी एल बी’ अशी खूण आली; पुढे नावात ‘झाशी’ हा शब्द पुन्हा जोडला गेला आणि ‘व्ही जी एल जे’ ही खूण रूढ झाली. पाटी रंगवणे हे एका दिवसाचे काम आहे. ती खूण जेथे जेथे पोहोचली आहे तेथे तेथे जाऊन बदल घडवून आणणे हे निराळेच काम आहे, आणि त्याचा बराचसा भाग नाव बदलणाऱ्याला दिसतही नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात हाच प्रश्न नित्य उभा राहतो. तेथे त्याला ‘प्रमुख आवृत्तीचे नियोजन’ असे म्हणतात. विषय तांत्रिक वाटतो. पण त्याच्या गाभ्याशी असलेला प्रश्न तांत्रिक नाही. अनेक अनोळखी माणसे ज्या वस्तूवर विसंबून आहेत ती वस्तू सुधारायची कशी, आणि त्या सुधारणेचा भार कोणी वाहायचा, असा तो प्रश्न आहे.

प्रथम ‘लायब्ररी’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे दालन नव्हे, तर तयार आज्ञांचा साठा. वर्गमूळ काढणे, तारीख वाचणे, आलेख रेखणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रामकाराने पुन्हा पुन्हा नव्याने लिहू नयेत, म्हणून कोणी तरी ती एकदा नीट लिहून ठेवतो आणि इतर जण त्यांना नावाने हाक मारून काम करून घेतात. सुताराने बिजागरी स्वतः घडवू नये, बाजारातून आणावी, तसाच हा व्यवहार. लायब्ररी ‘मुक्तस्रोत’ असेल तर तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो. तिची देखभाल पुष्कळदा स्वयंसेवक करतात, आणि ती कोण कोण वापरतो याची नोंद कोणाजवळच नसते. बिजागरी विकणाऱ्या दुकानदाराला निदान आपली गिऱ्हाइके ठाऊक असतात. मुक्तस्रोत लायब्ररीच्या कर्त्याला तेवढेही ठाऊक नसते.

हाक मारण्याची ही नावे, त्यांच्याबरोबर द्यावयाची माहिती आणि परत येणारे उत्तर, एवढ्यांचा मिळून एक अलिखित करार होतो. आत काय चालते ते कर्त्याने हवे तेव्हा बदलावे. पण कराराला धक्का लावला की बाहेरची कामे मोडतात. यासाठी आवृत्तीच्या क्रमांकाची एक शिस्त रूढ झाली आहे. क्रमांकाचे तीन भाग असतात. केवळ चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढवावा; जुन्याला धक्का न लावता नवी सोय दिली तर मधला वाढवावा; आणि करार मोडणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवावा. टॉम प्रेस्टन-वेर्नर यांनी ही शिस्त नियमबद्ध करून मांडली, आणि त्या नियमांची आज प्रचलित असलेली २.०.० ही आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे पहिला आकडा हा मिरवण्याचा बिल्ला नव्हे. ‘तुमचे काम मोडू शकेल असे आम्ही काही केले आहे’ अशी ती प्रांजळ कबुली आहे.

मग असा बदल करावाच का? जुने आहे ते तसेच का चालू देऊ नये? या शंकेचे उत्तर देणारे सर्वांत बोधप्रद उदाहरण पायथन या मुक्तस्रोत भाषेचे आहे. पायथन ही एक संपूर्ण प्रोग्रामिंगची भाषा आहे, नुसती लायब्ररी नव्हे. परंतु तिच्याबरोबर लायब्ररींचा मोठा संसार येतो, आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे झालेल्या स्थलांतराने पुढच्या सर्व नियोजनकारांना धडा घालून दिला. शिवाय त्या बदलाच्या मुळाशी जे कारण होते त्याचा मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाशी संबंध आहे.

गीडो व्हान रॉसम यांनी पायथन १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. जगातील सर्व लिप्यांतील अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेताची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. साहजिकच पायथनच्या मूळ रचनेत मजकूर म्हणजे बाइटांची माळ, एवढाच विचार होता. रोमन लिपीतील साध्या अक्षराला एक बाइट पुरतो. त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याला अक्षर आणि बाइट यांतला भेद जाणवतच नाही. देवनागरीचे तसे नाही. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘झाशी’ हा शब्द घेतला तर त्यात झ, काना, श आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. त्यांचे बाइट होतात बारा. जुन्या पायथनला या शब्दाची साधी लांबी विचारली तर ती ‘बारा’ असे सांगे. पहिली पाच घरे कापून दे म्हटले तर काना मध्येच तुटे आणि पडद्यावर अर्थहीन खुणा उमटत.

२००० साली निघालेल्या पायथन २.० मध्ये युनिकोड मजकुरासाठी एक स्वतंत्र प्रकार जोडण्यात आला. पण जुना प्रकारही तसाच राहिला. मजकुराचे दोन प्रकार एकाच घरात नांदू लागले आणि ते एकमेकांत मिसळले तरी इंग्रजी मजकुरात काही बिघडत नसे. बिघाड होई तो पहिले बिगरइंग्रजी अक्षर आले म्हणजे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या परीने तो नीट तपासलेला असे. तो चालतही असे. आणि एके दिवशी ‘झाशी’ किंवा ‘कऱ्हाड’ असे नाव त्यात शिरले की तो बंद पडे. ज्याने चूक केली त्याला ती दिसत नसे, आणि ज्याला ती भोवे त्याच्या हाती दुरुस्तीचा उपाय नसे. हा दोष ठिगळ लावून जाणारा नव्हता. मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे, असे मुळातच ठरवणे भाग होते. आणि तसे ठरवायचे म्हणजे करार मोडायचा.

पायथन ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी निघाली. तिच्यात ‘झाशी’ या शब्दाची लांबी चार येते. मराठी माणूस हा शब्द दोन अक्षरांचा म्हणेल हे खरे, आणि तो हिशेब करण्यास आणखी वेगळे साधन लागते. पण निदान एकही चिन्ह मध्येच तुटत नाही. बदलाचा हेतू असा निर्विवाद होता. तरीही तो सर्वत्र रुजण्यास जवळजवळ बारा वर्षे लागली. पायथन २.७ ही जुन्या मालिकेतील अखेरची आवृत्ती २०१० मध्ये आली; तिचा सांभाळ २०१५ पर्यंत करावयाचे ठरले होते. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. अखेर १ जानेवारी २०२० पासून तिचा आधार काढून घेण्यात आला आणि एप्रिल २०२० मध्ये तिचे शेवटचे प्रकाशन झाले.

इतका काळ का लागला, हे समजण्यासाठी मुंबईत पवईला जावे लागते. तेथील आयआयटीत वैमानिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले प्रभू रामचंद्रन यांनी ‘मायावी’ नावाची मुक्तस्रोत लायब्ररी घडवली आहे. शास्त्रीय गणितातून निघालेल्या आकड्यांचे त्रिमितीय चित्र पडद्यावर उभे करणे, हे तिचे काम. पंखाभोवतालचा हवेचा प्रवाह किंवा एखाद्या वस्तूच्या आतला ताण तिच्या साहाय्याने डोळ्यांना दिसतो. परंतु मायावी स्वतः दुसऱ्या लायब्ररींच्या खांद्यावर उभी आहे. चित्र काढण्यासाठी ती व्हीटीके या मोठ्या लायब्ररीवर विसंबते, आकड्यांसाठी नमपायवर, आणि पडद्यावरच्या खिडक्यांसाठी आणखी कोणावर. खालचा जोपर्यंत हलत नाही तोपर्यंत वरच्याला हलता येत नाही. व्हीटीकेच्या ७.० या आवृत्तीत, २०१६ मध्ये, पायथन ३ चा आधार आला. आणि पायथन ३ वर चालणारी मायावी ४.६.० ही आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. मूळ घोषणेला तेव्हा दहा वर्षे होत आली होती. यात आळस किंवा हट्ट कोणाचाच नव्हता. ओळीत उभ्या असलेल्या बैलगाड्यांपैकी मागची गाडी पुढची हलल्यावाचून निघू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून प्रमुख आवृत्तीच्या नियोजनाचे पहिले सूत्र हाती येते. नियोजन स्वतःच्या घराचे करून भागत नाही. आपल्या वर कोण उभे आहे आणि त्याच्या वर कोण, याचा नकाशा आधी काढावा लागतो. सर्वांत खालचा थर आधी तयार झाला नाही, तर सर्वांत वरच्या थरावरील माणसाला नवी आवृत्ती जाहीर होऊनही निरुपयोगीच राहते.

दुसरे सूत्र मर्यादेचे. करार मोडायचाच आहे, तर मनातल्या सर्वच सुधारणा एकदम उरकून घ्याव्यात, असा मोह प्रत्येक नियोजनकाराला होतो. पर्ल या भाषेच्या सहाव्या आवृत्तीची घोषणा २००० साली झाली. भाषेची रचनाच नव्याने विचारात घेण्याचा तो संकल्प होता, आणि त्याचे पहिले पक्के प्रकाशन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. तोपर्यंत ती भाषा मूळ भाषेपासून इतकी दूर गेली होती, की २०१९ मध्ये तिला ‘राकू’ हे वेगळेच नाव देण्यात आले. भाषा म्हणून ती गुणी असेल. पण जुन्या पर्लचा वारसा चालवणारी पुढची आवृत्ती ती होऊ शकली नाही. घराची डागडुजी करावयास निघालेल्याने शेजारी नवेच घर बांधावे आणि जुन्या घरातली माणसे जागच्या जागीच राहावीत, असे ते झाले. म्हणून योजना आखताना ‘या खेपेस काय करावयाचे नाही’ याची यादी ‘काय करावयाचे’ या यादीपेक्षा आधी झाली पाहिजे.

तिसरे सूत्र पुलाचे. त्याचा दृष्टान्त झाशीतच मिळतो. तेथे १८९५ पासून रेल्वेच्या वाघिणी दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना आहे. आपल्याकडील मालगाड्यांत पूर्वी दोन वाघिणी हुकाला मळसूत्री जोड अडकवून बांधीत आणि दोहो बाजूंना धक्के सोसण्यासाठी बफर असत. पुढे अधिक ओझे पेलणारा, मध्यभागी बसवलेला आणि वाघिणी एकमेकींना भिडताच आपोआप अडकणारा जोड आला. तो चांगला होता यात शंका नव्हती. पण देशातील सगळ्या वाघिणी एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. म्हणून संक्रमणाच्या काळासाठी असे जोड बनवण्यात आले, की ज्यांना नवी वाघीणही अडकावी आणि जुना मळसूत्री जोडही लावता यावा. बाजूचे बफरही तोवर तसेच ठेवण्यात आले. अशी वाघीण दिसावयास अवजड आणि बनवावयास महाग. पण तिच्यावाचून गाडी चालतीच ना.

पायथनच्या स्थलांतरात असे पूल हळूहळू बांधले गेले, आणि काही तर अनुभवाने शहाणे झाल्यावर. जुन्या पायथनमध्ये युनिकोड मजकुराच्या आधी ‘यू’ हे अक्षर लावावे लागे. पायथन ३ मध्ये सगळाच मजकूर युनिकोड झाल्यामुळे ते अक्षर निरर्थक ठरले, म्हणून रचनाकारांनी ते काढून टाकले. तर्काने हे अगदी बरोबर होते; व्यवहारात मात्र त्याचा परिणाम असा झाला, की एकच मजकूर दोन्ही आवृत्त्यांवर चालवणे कठीण होऊन बसले. अखेर २०१२ मध्ये निघालेल्या ३.३ या आवृत्तीत ते निरर्थक अक्षर पुन्हा चालू देण्यात आले. त्याला काही अर्थ नव्हता, पण त्याची पुलाला गरज होती. दोन्ही आवृत्त्यांवर चालणारे प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून ‘सिक्स’ नावाची एक छोटी लायब्ररीही फार उपयोगी पडली. दोन गुणिले तीन सहा, म्हणून तिचे हे नाव. सुरुवातीची कल्पना अशी होती, की जुना मजकूर एका यंत्राने एकदाच नव्यात रूपांतरित करावा आणि मागे वळून पाहू नये. लोकांनी मात्र प्रत्यक्षात दोन्ही काठांवर एकाच वेळी पाय ठेवून नदी ओलांडली. वापरणारे कसे वागावेत हे योजना लिहिणारा ठरवू शकत नाही. ते कसे वागतील याचा अंदाज मात्र त्याने केला पाहिजे.

चौथे सूत्र सर्वांत महत्त्वाचे, आणि ते मोडण्याच्या प्रकारासंबंधी आहे. काही बदल आवाज करून मोडतात, तर काही मुकाट्याने. पायथन ३ मध्ये ‘प्रिंट’ या आज्ञेला कंस आवश्यक झाला. जुना प्रोग्राम चालवताच तो पहिल्या क्षणी थांबतो आणि चूक कोठे आहे तेही सांगतो. याचा त्रास होतो, पण फसवणूक होत नाही. भागाकाराचे तसे नव्हते. जुन्या पायथनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येई. तीन विषयांच्या १७३ गुणांची सरासरी काढली तर जुनी आवृत्ती ५७ सांगे. नवी सुमारे ५७.६७ सांगते. प्रोग्राम थांबत नाही, तक्रार करत नाही. केवळ उत्तर वेगळे येते. नवे उत्तरच खरे, हे मान्य केले तरी जुन्या उत्तरावर आधारलेले पुढचे गणित कोठे कोठे बिघडेल हे कोणी सांगावे? या बदलाची पूर्वतयारी मात्र फार आधी झाली होती. नव्या पद्धतीचा भागाकार ज्याला आजच हवा त्याने प्रोग्रामच्या आरंभी ‘भविष्यातून भागाकार आणा’ अशा अर्थाची एक ओळ लिहावी, ही सोय २००१ मधील २.२ या आवृत्तीपासूनच उपलब्ध होती. येणारा बदल ज्याचा त्याने आपल्या सवडीने आधीच करून पाहावा, यापेक्षा सभ्य सूचना दुसरी कोणती असेल?

या सर्व अनुभवाचा उपयोग नंतरच्यांनी केला. नमपाय ही संख्यांच्या मोठ्या कोष्टकांवर झपाट्याने गणित करणारी लायब्ररी. शास्त्रीय संशोधनाचा फार मोठा भाग आज तिच्यावर चालतो. तिची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये आली आणि २.० ही १६ जून २०२४ रोजी. मधल्या जवळजवळ अठरा वर्षांत पहिला आकडा हलला नाही. या काळात साचलेली सुमारे शंभर नावे २.० मध्ये काढून टाकण्यात, हलवण्यात किंवा कालबाह्य ठरवण्यात आली. पण त्याआधी काही महिने चाचणीच्या आवृत्त्या बाहेर काढून वरच्या थरांतील लायब्ररींना तयारीसाठी अवसर देण्यात आला. जुनी नावे शोधून त्या जागी नवी घालून देणारे साधन उपलब्ध होते. स्थलांतराची वाट दाखवणारे मार्गदर्शन लिहिले गेले. आणि नव्या आवृत्तीसमोर बांधलेली वरची लायब्ररी जुन्या आवृत्तीबरोबरही चालावी, अशी तजवीज होती. म्हणजे संक्रमणाचा जोड यावेळी पहिल्या दिवसापासूनच बसवलेला होता.

तरीही मुकाट बदल पूर्णपणे टळला नाही. कमी अचूकतेची एक संख्या आणि साधी दशांश संख्या यांची बेरीज केली, तर जुनी आवृत्ती काही प्रसंगी उत्तर अधिक अचूकतेचे देई. नवी ते कमी अचूकतेचेच ठेवते. नवा नियम सुसंगत आहे, लक्षात ठेवावयास सोपा आहे. पण एखाद्या संशोधकाच्या उत्तरातील शेवटचे आकडे त्यामुळे बदलू शकतात, आणि ही गोष्ट त्याला कोणी तरी सांगितल्यावाचून कळत नाही. मार्गदर्शनात तिचा स्पष्ट उल्लेख होता. नियोजनकाराला याहून अधिक करता येत नाही, आणि याहून कमी करून चालत नाही.

आता भाराचा प्रश्न उरतो. सिविल लाइंसमधील एखाद्या खोलीत जुना संगणक समोर घेऊन बसलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या हाती असलेले पुस्तक दहा वर्षांपूर्वीचे आहे. त्यातील पहिलेच उदाहरण तो जसेच्या तसे उतरवतो आणि संगणक ते नाकारतो. कंस राहिला, एवढाच दोष. पण आपल्यालाच काही समजत नाही, असे त्याला वाटते. प्रमुख आवृत्तीच्या सभेत हा विद्यार्थी कधीच हजर नसतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅब व पायथन या मुक्तस्रोत साधनांत लिहवून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. असा संग्रह हे मोठे धन आहे. पण ज्या दिवशी खालच्या साधनाचा पहिला आकडा बदलतो, त्या दिवशी त्यातील प्रत्येक उदाहरण पुन्हा तपासण्याचे काम कोणावर तरी येऊन पडते. प्रोग्राम यंत्राच्या मदतीने दुरुस्त करता येतो. छापलेले पान आणि ध्वनिमुद्रित पाठ तसे दुरुस्त होत नाहीत. ते पुन्हा छापावे लागतात, पुन्हा बोलावे लागतात.

दुसऱ्या पारड्यात कर्त्यांची बाजू आहे, आणि तीही हलकी नाही. जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या सांभाळणे म्हणजे प्रत्येक चूक दोनदा दुरुस्त करणे. हे काम करणारे बहुधा दिवसाची नोकरी आटोपून रात्री बसणारे स्वयंसेवक असतात. पूल कायम ठेवा, असे म्हणणे वापरणाऱ्याला सोपे; त्या पुलावर रोज रात्री पहारा मात्र दुसऱ्याच कोणाला करावा लागतो. म्हणून जुन्याला निरोप देण्याची तारीख ठरवणे आणि ती बऱ्याच आधी जाहीर करणे यात निष्ठुरता नाही. नमपायने पायथन २ चा आधार जाहीर करून टप्प्याने सोडला. २०१९ च्या आरंभी निघालेली १.१६ ही त्या जुन्या भाषेवर चालणारी तिची शेवटची मालिका. मुदत ही वापरणाऱ्याला दिलेली सवलत असते आणि कर्त्याला दिलेली विश्रांतीही.

या दोन पारड्यांचा तोल कोणत्याही सूत्राने आपोआप साधत नाही. डोनाल्ड नूथ यांनी आपल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीपुरता तो निराळ्याच रीतीने साधला. युरोपीय भाषांची गरज ओळखून १९८९ मध्ये त्यांनी तिच्यात अखेरचा मोठा बदल केला, आणि त्यानंतर तिचा आवृत्ती-क्रमांक प्रत्येक दुरुस्तीगणिक ‘पाय’ या गणिती संख्येच्या एकेका अंकाने जवळ जातो. पहिला आकडा आता कधीच बदलावयाचा नाही. जे काम पूर्ण झाले आहे त्याला हे शोभते. ज्याला अजून नव्या लिप्या, नवी यंत्रे आणि नव्या गरजा सामावून घ्यावयाच्या आहेत त्याला मात्र केव्हा तरी पहिला आकडा बदलावाच लागतो. पायथनने तो बदलला नसता, तर ‘झाशी’ हा शब्द लिहिणाऱ्याला आपली लिपी म्हणजे अपवाद, आणि दुसऱ्याची तीच नियम, असेच कायम मानून चालावे लागले असते. बदल न करण्याचीही किंमत असतेच. ती फक्त गाजावाजा न करता, ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांच्याकडून वसूल होते.

म्हणून प्रमुख आवृत्तीच्या योजनेची कसोटी तिच्यात किती नवे आले, ही नव्हे. जुन्या वाटेवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला नव्या वाटेपर्यंत किती पावले चालावी लागतील, ती पावले त्याला आधी कोणी सांगितली का, आणि वाटेत अंधारात पाय घसरेल अशी जागा कोठे राहिली का, ही ती कसोटी. झाशीच्या स्टेशनावर राणीचे नाव लागले, आणि त्यात गावाचे जुने नावही परत येऊन बसले. पहिल्यांदाच तेथे उतरणाऱ्या प्रवाशाला आपण योग्य ठिकाणी उतरलो हे पाटी वाचताच कळते. चांगल्या आवृत्तीने आपल्या प्रवाशाला याहून वेगळे काही द्यावयाचे नसते.